आधी उत्तर, मग उदाहरण

शाळेतल्या उदाहरणासाठी मराठीने 'सोडवणे' हे क्रियापद योजले आहे. गाठ सोडवतात, गहाण पडलेला दागिना सोडवतात, संकटात सापडलेल्या माणसाला सोडवतात. या प्रत्येक ठिकाणी काहीतरी अडकलेले असते आणि कोणाचा तरी हात लागून ते मोकळे होते. नववी-दहावीच्या वहीत बल, गती आणि ऊर्जा यांवरचे उदाहरण सोडवले जाते, तेव्हा नेमके काय अडकलेले असते आणि मोकळे कोण होते? प्रश्न वरवर पाहता शाळेचा आहे. आम्हांला तो नीतीचा वाटतो, आणि प्रत्येक कुटुंबाने शांतपणे विचार करावा इतका जवळचाही वाटतो.

चिखली हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस यांवर इथले संसार चालतात. बाजार समितीच्या आवारात पोती चढतात-उतरतात, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मुले एस.टी.ने इथे शिकायला येतात. अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच असल्यामुळे भौतिकशास्त्र आणि गणित म्हणजे कोरडवाहू शेतीतून बाहेर पडण्याचे दार, अशी अनेक घरांची भावना आहे. त्या दारासाठी पोटाला चिमटा घेऊन शिकवणीची फी भरली जाते. मात्र संध्याकाळी मूल वही उघडून बसते, तेव्हा आईबापांना त्या वहीतले काही कळतेच असे नाही. उत्तर लिहिलेले आहे, त्याखाली दुहेरी रेघ आहे, दुसऱ्या दिवशी लाल शाईची खूणही आली आहे, एवढे पाहून ते समाधान मानतात. ते उत्तर कुठून आले, हे विचारण्याचे त्यांना सुचत नाही. पूर्वी ते गाईडमधून, अपेक्षित प्रश्नसंचातून किंवा हुशार मित्राच्या वहीतून येई. आज प्रश्नाचे छायाचित्र काढून फोनला दाखवले की क्षणार्धात सर्व पायऱ्यांसह उत्तर पडद्यावर उमटते.

हे गैर आहे काय? असल्यास कोणत्या अर्थाने? आपल्या घरांत असा प्रश्न आला की दहा आज्ञा आठवतात. उतरवलेले उदाहरण ही सातव्या आज्ञेची बाब की आठवीची, चोरी की खोटी साक्ष? चोरी म्हणावी तर मित्राचे काहीच गेलेले नाही. त्याची वही होती तशीच त्याच्यापाशी आहे. साक्षीचे मात्र तसे नाही. गृहपाठाची वही ही एक साक्षच असते. 'हे मला समजले आहे' असे ती शिक्षकांना सांगते, आणि शिक्षक त्या साक्षीवर विसंबून पुढचे पाऊल टाकतात. चाळीसपैकी पस्तीस वह्यांत बरोबर उत्तर दिसले, तर वर्गाला हा धडा उमगला असे समजून ते पुढच्या धड्याकडे वळतात. ज्या पाच मुलांनी प्रामाणिकपणे अडखळत चुकीची उत्तरे लिहिली, तीच मागे राहतात. वरवर पाहता उतरवण्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु त्याची किंमत वर्गातले सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत गरजू मूल मोजत असते. २०२३ सालच्या मार्च महिन्यात बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने फुटल्याची बातमी आपल्याच जिल्ह्यातून आली, तेव्हा सर्वांना धक्का बसला. तो योग्यच होता. पण परीक्षेच्या दिवशी दिसणाऱ्या त्या मोठ्या लबाडीची सवय रोजच्या वहीत, कोणालाही धक्का न देता लागत असते.

तरीही 'उतरवू नये' एवढे सांगून भागत नाही. दोष उतरवण्यात नेमका कुठे आहे, हे शोधले पाहिजे. एक साधे उदाहरण घेऊ. एका गाडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १० मीटर आहे. तिचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ५ सेकंदांनंतर तिचा वेग किती असेल? पुस्तकाच्या मागे उत्तर दिले आहे : २०. घाईत असलेले मूल ते आधी पाहते आणि आकड्यांकडे वळते. दहा दुणे वीस. जमले! उत्तर बरोबर, लाल शाईची खूणही बरोबर. त्या ५ सेकंदांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. खरा मार्ग वेगळा होता : दर सेकंदाला वेग २ने वाढतो, म्हणून पाच सेकंदांत १०ने वाढेल, आणि मुळात तो १० होताच, म्हणून २०. दोन्ही वाटा एकाच आकड्याला येऊन मिळाल्या. मात्र एक वाट गाडीबरोबर पुढे गेली आणि दुसरी उत्तराकडून मागे आली. वेळ ५ऐवजी ६ सेकंद दिली, तर पहिल्या वाटेवरचे मूल २२ म्हणेल आणि दुसऱ्या वाटेवरचे २०वरच उभे राहील.

आमच्या मते दोषाचे मूळ या मागे चालण्यात आहे. उत्तर आधी हाती धरायचे आणि मग ते शोभेल असे कारण त्याला जोडायचे, ही सवय एका विषयापुरती राहत नाही. अकरावीच्या प्रयोगवहीत लंबकावरून गुरुत्व त्वरण काढायचे असते. ते ९.८च्या आसपास यायला हवे हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून कित्येकदा निष्कर्ष आधी लिहिला जातो आणि निरीक्षणांचा तक्ता त्याला जुळेल असा सावकाश भरला जातो. त्या लंबकाला तोंड असते, तर 'मला विचारले कोणी?' असे त्याने म्हटले असते. पुढे हेच मूल मोठे होऊन ग्रामसभेत, कचेरीत, बातमी वाचताना किंवा शेजाऱ्याविषयी मत बनवताना निष्कर्ष आधी ठरवू लागले, तर आपण नवल कशाचे करावे?

याच्या अगदी उलट वागणाऱ्या एका माणसाची हकीकत सांगण्याजोगी आहे. जॉव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे सतराव्या शतकातले इटलीतील बोलोन्या शहरचे येशूसंघीय धर्मगुरू. गॅलिलिओवर १६३३ साली खटला झाला होता. पृथ्वी फिरते हे गॅलिलिओचे मत रिच्चोलींनी स्वीकारले नव्हते. उलट त्याविरुद्ध त्यांनी विस्ताराने लिहिले. खाली पडणाऱ्या वस्तूंविषयी गॅलिलिओने जो नियम सांगितला, तोही त्यांना तपासून पाहायचा होता. गॅलिलिओचे म्हणणे असे, की पहिल्या क्षणात वस्तू एक भाग पडली तर दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात, अशी विषम संख्यांच्या क्रमाने पडते. हे पाहायचे तर सेकंद मोजणारे साधन हवे, आणि तसे घड्याळ त्या काळी नव्हते. तेव्हा रिच्चोलींनी लंबकाचाच आधार घेतला. सेकंदाला एक हेलकावा घेणारा लंबक दिवसाला ८६,४०० हेलकावे घेईल, हा त्यांचा हिशेब. १६४२ साली नऊ सहकारी धर्मबंधूंना बसवून, पाळीपाळीने, चोवीस तास हेलकावे मोजण्यात आले. आले सुमारे ८८ हजार.

आता इथे थांबून विचार करावा. हवा तो आकडा ठाऊक होता. तपासायला कोणी येणार नव्हते. दहा माणसांनी एक अहोरात्र जागून काढली होती. तरीही जे आले तेच त्यांनी लिहिले, लंबकाची लांबी बदलून पुन्हा मोजणी केली, आणि मग बोलोन्यातल्या सुमारे ९७ मीटर उंच आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडून पडण्याचा काळ मोजला. निष्कर्ष त्यांच्या अपेक्षेप्रमाणे निघाला नाही. एवढे अंतर एवढ्या सेकंदांत, म्हणून गॅलिलिओने दिलेला आकडा चुकीचा निघाला. परंतु एक, तीन, पाच, सात हा त्याचा नियम मात्र खरा ठरला. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रिच्चोलींनी दोन्ही गोष्टी नोंदवल्या. ज्याच्याशी मतभेद होता, त्याचे जेवढे खरे तेवढे खरे म्हटले. उदाहरण सोडवण्याचा अर्थ आम्हांला इथे सापडतो. आपल्याविरुद्ध जाण्याची मुभा उत्तराला असली पाहिजे. ज्या उत्तराला ती मुभाच नाही, ते उत्तर आपले आपणच आपल्याला परत सांगितलेले असते.

मुभेची ही गोष्ट केवळ सद्गुणाची नाही, कधीकधी ती जीवावर बेतणारी असते. गतिज ऊर्जेचे सूत्र नववीत येते : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. आकडे घालायला अत्यंत सोपे सूत्र, आणि म्हणूनच न समजता पाठ होणारे. आता चिखली-बुलढाणा रस्त्यावर मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक दाबल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होतो असे मानले, तर गाडी १० मीटरांत थांबते. तीच गाडी ताशी ७२च्या वेगाने असेल तर? मन लगेच म्हणते, वेग दुप्पट, तर अंतर दुप्पट, म्हणजे २० मीटर. वर्ग मात्र सांगतो, चौपट : ४० मीटर. शिवाय समोर बैल आडवा आला हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातोच. त्या एका सेकंदात पहिली गाडी १० मीटर पुढे सरकते आणि दुसरी २०. एकूण हिशेब २० मीटर विरुद्ध ६० मीटर असा होतो. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. ज्या मुलाने हे उदाहरण मागून पुढे उतरवले, त्याला गुण मिळाले. ज्याने पुढून सोडवले, त्याच्या मनाला एक धक्का बसला, आणि पुढे मोटारसायकलच्या मुठीवर हात ठेवताना तो धक्काच त्याच्या कामी येणार आहे.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ६०च्या वेगाशी तुलना केली तर प्रत्येक किलोग्रॅममागे चौपट ऊर्जा. याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी पहाटेच्या अंधारात झालेल्या बस अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेला अनेक कारणे असतात, आणि एका सूत्राने तिचा निवाडा करू नये. परंतु 'वेगाचा वर्ग' हे शब्द वहीत लिहिणाऱ्या मुलांनी ते शब्द कशाविषयी आहेत हे जाणून लिहावेत, एवढी अपेक्षा गैर नाही. त्या वर्गाची सर्वांत मोठी साक्ष तर आपल्या लोणारला आहे. अंतराळातून येणारी वस्तू पृथ्वीच्या वातावरणाशी सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने पोहोचत नाही. त्या वेगाला एकेका किलोग्रॅममध्ये सुमारे सहा कोटी ज्यूल ऊर्जा असते; आपल्या ३६च्या वेगाच्या मोटारसायकलीत एकेका किलोग्रॅममागे अवघी ५०. काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर कसे पडले, याचे उत्तर दगडाच्या आकारापेक्षा त्याच्या वेगात शोधावे लागते. सहलीला जाऊन सरोवराचे छायाचित्र काढणाऱ्या मुलाला, घरी परतल्यावर, हे उदाहरण घालून पाहावे.

कोणी म्हणेल, भरपूर उदाहरणे सोडवून घेतली की समज आपोआप येते. शिकवणीवर्ग तेच तर करतात. या समजुतीची परीक्षा झालेली आहे. दक्षिण कोरियातील सोल येथे किम आणि पाक या संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठात नुकत्याच आलेल्या २७ विद्यार्थ्यांनी प्रवेशपरीक्षेच्या तयारीत भौतिकशास्त्राची सरासरी सुमारे दीड हजार उदाहरणे सोडवलेली होती. तरी बल आणि गती यांच्या अगदी मूलभूत कल्पनांत त्यांची गडबड कायम होती, आणि जास्त उदाहरणे सोडवलेल्याची समज त्या प्रमाणात जास्त असेही दिसले नाही. ही गडबड कोणती, ते घरीही पाहता येईल. दगड सरळ वर फेकला. तो वर जात असताना, हातातून सुटल्यानंतर, त्याच्यावर कोणत्या दिशेने बल आहे? बहुतेक जण म्हणतील, वरच्या दिशेने. वर जातो आहे ना! खरे तर हात सुटल्या क्षणापासून, हवेचा किरकोळ विरोध सोडल्यास, त्याच्यावर पृथ्वीचे खाली ओढणारे बल तेवढे असते. अगदी माथ्यावर क्षणभर थांबला तरी तेच, तेवढेच. 'गती आहे तर तिच्या दिशेने बल असलेच पाहिजे' ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आली. ती दूर करायला माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली, आणि न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली यावा लागला. म्हणून इथे अडखळणारे मूल मठ्ठ आहे असे कोणी समजू नये. ते अशा ठिकाणी अडखळले आहे, जिथे मोठमोठे पंडित अडखळले होते. त्याला तिथून उचलून थेट उत्तरापाशी नेऊन ठेवले, तर ती ठेच त्याच्या उपयोगाला येत नाही.

आता एका अवघड उदाहरणाकडे वळू, कारण ते आपल्या बाजार समितीच्या दारात उभे आहे. 'कार्य आणि ऊर्जा' या पाठात हमखास विचारले जाते : डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्यावर चालणारा हमाल गुरुत्वबलाच्या विरुद्ध किती कार्य करतो? उत्तर : शून्य. कारण ओझे पेलणारे बल वरच्या दिशेने आहे आणि विस्थापन आडवे आहे. ज्या मुलाचे वडील दिवसभर पोती वाहून संध्याकाळी पाठ धरून घरी येतात, त्याने हे शून्य वहीत कोणत्या मनाने लिहावे? उत्तराकडून मागे आले, तर हे शून्य अपमानासारखे लागते. विज्ञानाला गरिबाच्या कष्टाची किंमत नाही, असेच ते मूल समजेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, काहीच न वाटता शून्य लिहून पुढे जाईल.

प्रश्नाकडून पुढे निघाले तर काय दिसते? ५० किलोग्रॅमचे पोते दीड मीटर उंच उचलले, तर पोत्यावर सुमारे ७५० ज्यूल कार्य होते. दिवसाला अशी २०० पोती उचलली असे धरू : दीड लाख ज्यूल. आकडा मोठा वाटतो. पण आहाराच्या भाषेत तो अवघा ३६ किलोकॅलरी भरतो. एका ज्वारीच्या भाकरीतून मिळणारी ऊर्जासुद्धा याहून अधिक असते! मग माणूस एवढा थकतो का? कारण शरीर म्हणजे उच्चालक यंत्र नव्हे. ओझे नुसते धरून ठेवण्यासाठीही स्नायूंचे तंतू अखंड आकसत राहतात. ऊर्जा जळत राहते आणि उष्णता होऊन निघून जाते. शिवाय प्रत्येक फेरीत स्वतःचे शरीर वाकवावे-उचलावे लागते. भौतिकशास्त्राने 'पोत्यावर किती कार्य झाले?' एवढेच विचारले होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर खरे आहे. 'माणसाने किती कष्ट केले?' हा प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला, तो या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न होता. ज्यूल मोजून मजुरी ठरवणारा मालक आणि कष्टाचा पुळका येऊन शून्य हे उत्तर चुकीचे ठरवणारा विद्यार्थी, दोघांचीही चूक एकच : एका प्रश्नाचे उत्तर त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले.

या चुकीला भाषाही हातभार लावते. 'कार्य', 'बल', 'शक्ती', 'ऊर्जा' हे शब्द आपण स्वयंपाकघरात आणि प्रार्थनेतही वापरतो, आणि तिथे ते एकमेकांच्या जागी सहज बसतात. भौतिकशास्त्रात त्यांतला प्रत्येक शब्द वेगळा. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शेजारच्या जळगाव जिल्ह्यात खिरोदा येथे काम केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी आग्रहाने मांडलेला एक मुद्दा असा, की विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलाला पुष्कळदा विज्ञान नव्हे, त्याची भाषा अडवीत असते. म्हणून हमालाच्या मुलाला 'शून्य लिही' एवढे सांगणारा त्याला मदत करीत नाही. 'पुस्तकातले कार्य आणि तुझ्या बाबांचे काम हे दोन वेगळे शब्द आहेत' हे सांगणारा खरी मदत करतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शहरातल्या सुशिक्षित घरात मुलाला अडले तर सांगणारे कोणी असते. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलाला कोण आहे? त्याच्या हातून गाईडही काढून घ्यायचे आणि 'स्वतः झगड' म्हणायचे, हा कसला न्याय? आक्षेप आम्ही मान्य करतो. नवशिक्या विद्यार्थ्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तर तो नुसते झगडत बसण्यापेक्षा चांगला शिकतो, असे ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या बाबतीत दाखवून दिले आहे. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे याचसाठी असतात. मदत घेण्यात कमीपणा नाही. किंबहुना कोणाच्या तरी पाठीमागून चालल्याशिवाय वाट कळत नाही. फरक पडतो तो पुढच्या पावलाला. वाट पाहिल्यावर वही मिटून, त्याच प्रकारचे दुसरे उदाहरण मूल आपल्या पायांनी चालून जाते का? गेले, तर ते गाईड त्याचे गुरू झाले. नाही गेले, तर ते गाईड त्याचे ओझे वाहणारा हमाल झाले, आणि मुलाच्या अंगी बळ काहीच आले नाही.

फोनच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ॲप आज मराठीतून उत्तरे देतात, रात्री अकरालाही देतात, आणि पुनःपुन्हा विचारले तरी वैतागत नाहीत. ज्या घरात विचारायला कोणी नाही, त्या घराला ही मोठी सोय आहे. तिला सरसकट नावे ठेवणे आम्हांला पटत नाही. मात्र तिच्यापाशी काय मागायचे, हा निर्णय मुलाचा आहे आणि तो नैतिक निर्णय आहे. 'उत्तर सांग' म्हणणे वेगळे; 'मी इथपर्यंत आलो, पुढची पायरी का सुचत नाही?' म्हणणे वेगळे. पहिल्यात मूल स्वतःला वगळून टाकते. दुसऱ्यात ते स्वतः हजर असते. शिवाय ही ॲप आत्मविश्वासाने चुकतातही. आणि चूक त्यालाच दिसते, ज्याने गाडीबरोबर थोडे तरी अंतर स्वतः कापले आहे.

मोठ्यांनाही एक पथ्य आहे. मूल रडकुंडीला आले की आपल्याला कळवळा येतो, आणि आपण किंवा थोरला भाऊ पेन हातात घेऊन उदाहरण पुरे करून टाकतो. त्या कळवळ्यात प्रेम असते, पण त्यात आपली घाईही मिसळलेली असते : झोपायची वेळ झाली आहे, उद्या वही द्यायची आहे. थोडे थांबणे, अर्धी पायरी सांगून पेन परत त्याच्या हातात देणे, आणि अर्धे राहिलेले उदाहरण तसेच घेऊन मुलाला शाळेत जाऊ देणे, याला अधिक प्रेम लागते. शिक्षकांनीही अशा अर्ध्या उदाहरणाचा मान राखला पाहिजे. 'सर, मला इथपर्यंत आले, इथे अडले' असे लिहिणाऱ्या वहीला जिथे शिक्षा होते आणि उतरवलेल्या वहीला शाबासकी मिळते, तिथे मुलांना खोटी साक्ष आपणच शिकवीत असतो.

ज्या आईने भौतिकशास्त्राचे तोंड पाहिलेले नाही, तिच्या हाती काही नाही असे समजू नये. भाकरी थापता थापता ती तीन गोष्टी विचारू शकते. गणितात दिलंय काय? विचारलंय काय? आणि हे जे उत्तर आलं, ते कशावरून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाला आपल्या साध्या बोलीत सांगता आली, तर निम्मे उदाहरण सुटलेच. तिसऱ्या प्रश्नावर मूल 'मागे दिलंय' किंवा 'फोनने सांगितलं' असे म्हणाले, तर तिने रागावू नये. 'बरं, मग गाडी कुठून निघाली, तिथून सांग' एवढे म्हणावे आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकावी. मूल सांगू लागेल, अडखळेल, पुस्तक उलटेल, पुन्हा सुरू करील. उत्तर त्या रात्री आले नाही तरी चालेल.